मृत्युपत्रातील ‘मालक’ शब्द आणि विधवेची मालकी

हिंदूंच्या मृत्युपत्रांवरून गेल्या दीडशे वर्षांत जे वाद न्यायालयांपुढे आले, त्यांतील बरेचसे वाद वस्तुतः एका शब्दाच्या अर्थाविषयीचे आहेत. तो शब्द म्हणजे ‘मालक’. मूळ अरबी ‘मालिक’ फारसीच्या द्वारे मराठी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांत आला आणि महसुली व न्यायालयीन कागदांत रूढ झाला. शेत, घर अथवा वतन यांचा ‘मालक’ म्हटला की ती वस्तू विकण्याचा, गहाण टाकण्याचा व पुढच्या पिढीस देण्याचा अधिकार ज्यास आहे तो, हा अर्थ मराठी बोलणाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. परंतु मृत पतीने वा सासऱ्याने घरातील स्त्रीस ‘मालक’ असे लिहून ठेवले, तर तिला हा सर्व अधिकार मिळतो, की जिवंत असेपर्यंत उत्पन्न खाण्यापुरताच? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी भाषेच्या वापरात क्वचितच शोधले. ते बहुधा स्त्रीच्या दर्जाविषयीच्या एका पूर्वग्रहातून आले.

मृत्युपत्र ही संस्थाच हिंदू धर्मशास्त्रात मागाहून आलेली. मिताक्षरेच्या मते वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो. मग ती मिळकत मरणोत्तर कोणास द्यावी हे ठरविण्यास पित्याला वाव उरत नाही. दानाची कल्पना मात्र शास्त्रास पूर्ण परिचित होती, आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी मृत्युपत्रास मान्यता दिली ती दानाच्याच साम्यावर. १८७२ च्या प्रसिद्ध टागोर दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की, जे दानाने देता येत नाही ते मृत्युपत्रानेही देता येणार नाही. तत्पूर्वी दोनच वर्षे, १८७० साली, ‘हिंदू विल्स अॅक्ट’ झाला होता. त्याने लेखन, सही व दोन साक्षीदार आवश्यक ठरविले. पण आपल्या भागात तो मुंबई शहरापुरता, आणि शहराबाहेर केलेल्या मृत्युपत्रांपैकी शहरातील स्थावरासंबंधी असलेल्यांपुरताच लागू होता. पुणे, सातारा, नाशिक येथील हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही १ जानेवारी १९२७ पूर्वी झाले असल्यास ग्राह्य धरले जाई. साहजिकच मोफसलातील मृत्युपत्रांना ठरीव मसुदा नव्हता. दस्तलेखकांच्या हाती जुन्या सनदांची व दानपत्रांची भाषा होती, ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरा’ ही त्यांतलीच, आणि तीच त्यांनी नव्या कामास लावली.

१८७४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे शेवकरामाचा दावा आला. मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्या मृत मुलाच्या विधवेस ‘वारस व मालक’ म्हटले होते, आणि त्याच दस्तऐवजात पुढे तिच्या मुलींनाही तेच शब्द लावले होते. विधवेचा हक्क मर्यादित आहे, असा निर्णय झाला. दोन पिढ्यांना एकच शब्द लावल्यामुळे संदर्भाने तो अर्थ निघतो, एवढे म्हणून कौन्सिलला थांबता आले असते. पण निर्णयात एक सामान्य तत्त्वही सांगितले गेले : हिंदूच्या मृत्युपत्राचा अर्थ लावताना हिंदूंच्या नेहमीच्या कल्पना व इच्छा विचारात घ्याव्यात, आणि स्त्रियांना बहुधा निर्वेध मालकी मिळत नाही हे सामान्यतः हिंदूस ठाऊक असते असे मानावे. पुढील तीस वर्षे खालच्या न्यायालयांनी दाव्यातील वस्तुस्थितीपेक्षा या तत्त्वाचाच अधिक आधार घेतला. शब्द तोच राहिला. घेणारी व्यक्ती बदलली की अर्थ बदलू लागला.

हा फरक पुढील दोन निर्णय शेजारी ठेवले असता उघड होतो. १८९७ सालच्या ललितमोहन सिंह रॉय यांच्या दाव्यात बंगाली मृत्युपत्रातील लाभार्थी पुरुष होता. तेथे ‘मालिक’ शब्द संदर्भ विरुद्ध नसल्यास वंशपरंपरेचा व हस्तांतरणीय हक्क देण्यास समर्थ आहे, असे ठरण्यास फारशी अडचण पडली नाही. उलट सुरजमणीच्या दाव्यात दस्तऐवजात ‘मालिक व खुद इख्तियार’ असे शब्द असूनही अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्त्रीस विक्रीचा अधिकार स्पष्टपणे दिलेला नाही म्हणून तिचा हक्क हयातीपुरता ठरविला. १९०७ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. ‘मालिक’ शब्दाने सूचित होणारा पूर्ण अधिकार कमी करावयाचा तर संदर्भात काही तरी सापडले पाहिजे. घेणारी स्त्री आहे वा विधवा आहे, एवढे कारण पुरेसे नाही, असे कौन्सिलने म्हटले. वस्तुतः शब्दांनी मर्यादा घातली नसेल तर पूर्ण हक्क जातो, हा नियम १८६५ च्या वारसा कायद्यात होताच, आणि १८७० च्या कायद्याने तो हिंदूंनाही लागू केला होता. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता.

मुंबई इलाख्याच्या बाबतीत तर १८७४ चे ते गृहीतक मुळातच लंगडे होते. येथे विधवेचा वारसाहक्क मर्यादित असला, तरी मुलीस वारसाने आलेली मिळकत तिची पूर्ण मालकीची होते, हे मुंबई शाखेचे वैशिष्ट्य मानले गेले आहे. १९२० साली बळवंतराव विरुद्ध बाजीराव या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातून मध्य प्रांतात गेलेल्या कुटुंबालाही हाच नियम लागू केला. स्थलांतर करणारे कुटुंब आपला कायदा बरोबर नेते, असे मानून. म्हणजे ‘स्त्रीस निर्वेध मालकी नसते’ ही हिंदूंची सामान्य समजूत म्हणून जी सांगितली गेली, ती या प्रदेशातील मुलीच्या बाबतीत खरी नव्हती. बंगाल-बिहारकडील कल्पना ‘हिंदूंची’ कल्पना म्हणून सरसकट गृहीत धरली गेली, हे या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगे अंग आहे.

१९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण मर्यादित हक्काने. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि कलम १४ च्या पहिल्या पोटकलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिची पूर्ण मालकीची केली. ‘मालक’ शब्दाचा वाद तेथे संपावयास हवा होता. परंतु दुसऱ्या पोटकलमाने मृत्युपत्र, दान, हुकूमनामा इत्यादींनी मुद्दाम मर्यादित हक्क दिला असल्यास अपवाद केला. त्यामुळे वादाचे केंद्र ‘मालक’ वरून ‘तहहयात’ या शब्दावर सरकले. ‘पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा, गहाण, दान, विक्री करू नये, तिचे पश्चात मुलांकडे जावे’ अशी वाक्ये मराठी मृत्युपत्रांत परिचित आहेत. या वाक्याने तिचा हक्क खरोखर मर्यादित होतो काय?

१९७७ साली तुलसम्मांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्त्रीस मिळालेली मिळकत तिच्या पूर्वीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी असेल, तर दस्तऐवजातील मर्यादा निष्फळ होते व पहिले पोटकलम लागू होते. तो दस्तऐवज तडजोडीचा होता. मृत्युपत्राच्या बाबतीत न्यायालयाचा सूर सर्वत्र सारखा नाही. २००६ च्या साधू सिंग यांच्या दाव्यात पतीने स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने पत्नीस हयातीपुरती दिली होती; तेथे दुसरे पोटकलम लावून तिचा हक्क मर्यादितच धरला गेला. एकीकडे पत्नीचा पोटगीचा हक्क मृत्युपत्रापूर्वीचा आहे, म्हणून प्रत्येक ‘तहहयात’ पुसून टाकावे तर दुसरे पोटकलम रिकामे होते. दुसरीकडे प्रत्येक ‘तहहयात’ अक्षरशः पाळावे तर १९५६ पूर्वीची विधवेची मर्यादित मालकी पतीच्या लेखणीने परत येते. परस्परांशी न जुळणारे निर्णय साठत गेल्याने डिसेंबर २०२४ मध्ये तेजभान विरुद्ध रामकिशन या दाव्यात द्विसदस्य पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला.