दारापाशी राखलेली जागा

महाद्वार रोडवर सणासुदीला गाडी लावण्यासाठी किती वळसे घ्यावे लागतात, हे कोल्हापूरकरांस आम्ही काय सांगावे! धडधाकट माणूस गाडी लांब ठेवून चालत येतो. ज्याचे पायच चालत नाहीत त्याने काय करावे?

आमच्या कायद्याने आधी पाहिले ते गाडीकडे. १९३९ च्या मोटार कायद्यात अपंगाची गाडी म्हणजे त्याच्यासाठी मुळातच घडवलेली, नुसती फेरफार केलेली नव्हे, अशी व्याख्या होती. १९८८ च्या कायद्याने तीच पुढे चालवली. साध्या स्कूटरला बाजूची चाके जोडून हिंडणारा मनुष्य तीत बसेना! ही अट २०१९ च्या दुरुस्तीने गेली.

नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून, सहकाऱ्यांसह, १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, तेव्हा अपंगांच्या हक्कांचा देशव्यापी कायदाच नव्हता. तो १९९५ साली झाला. १९९८ च्या केंद्र सरकारी मार्गदर्शिकेत मापे आली: दारापासून ३० मीटरांच्या आत दोन मोटारींची जागा, रुंदी ३.६ मीटर. ही रुंदी चैन नव्हे. मोटारीचे दार पुरते उघडून शेजारी खुर्ची लावायला ती लागतेच. तेवढ्या पट्टीत कुणी ‘दोनच मिनिटे’ म्हणून मोटारसायकल घुसवली, की खुर्चीवाला गाडीतच अडकला. ती हलवायची कुणी, हे मापांत कोठून असणार?

२०१६ च्या कायद्याने पहिल्या उल्लंघनास दहा हजारांपर्यंत दंड सांगितला. पण सुगम्यतेचा नियम शिफारशीवजाच राहिला, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला फर्मावले.