स्टालिनग्राडचा नाताळ : नकाशाच्या पाठीवरचे चित्र

डिसेंबर १९४२. स्टालिनग्राडभोवती सोव्हिएत फौजांनी आवळलेल्या वेढ्यात जर्मनीचे सहावे सैन्य अडकून महिना उलटला होता. सुमारे अडीच लाख माणसे, अपुरा शिधा, हाडे गोठवणारी थंडी. त्या वेढ्यातील एका भुयारी निवाऱ्यात कुर्ट रॉयबर नावाच्या लष्करी डॉक्टरने एका रशियन नकाशाच्या पाठीवर कोळशाने चित्र काढले. रॉयबर मूळचा प्रोटेस्टंट पाद्री, अल्बर्ट श्वाइट्झरच्या स्नेह्यांपैकी. चित्रात मोठ्या वस्त्रात गुरफटून बसलेली आई आणि तिच्या कुशीत, तिच्या गालाशी टेकलेले मूल. बाकी काही नाही. गोठा नाही, तारा नाही, मागी नाहीत. नाताळच्या पूर्वसंध्येला सोबत्यांना आत घेतले तेव्हा ते चित्रासमोर निःशब्द उभे राहिले, असे त्याने घरी कळवले.

साहित्याच्या अभ्यासकांनी या चित्राकडे पाहण्यापेक्षा ते वाचावे, असे आम्ही सुचवू. एका कडेला योहानाच्या शुभवर्तमानाची आठवण देणारे तीन शब्द आहेत : प्रकाश, जीवन, प्रेम. दुसऱ्या कडेला वर्ष आणि 'कढईतला नाताळ'. वेढ्याला जर्मन सैनिक कढई किंवा हंडा या अर्थाचा शब्द वापरीत. आत सापडलेल्याने शिजत राहायचे. आणि तळाशी 'दुर्ग स्टालिनग्राड'. हा 'दुर्ग' मात्र हिटलरच्या राजवटीचा शब्द. उपासमारीने मरणाऱ्या छावणीला किल्ला म्हणायचे, म्हणजे माघारीचा प्रश्नच उरत नाही. एकाच कागदावर धर्मग्रंथाची, सैनिकांची आणि सत्तेची अशा तीन भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत. रॉयबरने तिसरी जाणीवपूर्वक लिहिली की सवयीने, हे चित्रावरून ठरत नाही. त्याच संध्याकाळी जर्मन रेडिओवर निरनिराळ्या आघाड्यांना जोडणारे नाताळचे प्रसारण झाले. स्टालिनग्राडहून आल्याचे सांगितलेला त्यातला आवाज बनावट होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

येथपर्यंत कथा हृद्य आहे, आणि तिच्या हृद्यतेचीच आम्हांस धास्ती वाटते. कारण हे सैन्य आपण होऊन तेथे गेले होते. २३ ऑगस्ट १९४२ रोजी याच शहरावर जर्मन विमानांनी आग ओतली, आणि असंख्य नागरिक होरपळले. त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट १९४१ मध्ये, युक्रेनमधील बिला त्सेर्क्वा येथे याच सहाव्या सैन्याच्या हद्दीत सुमारे ९० ज्यू मुलांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे आईबाप आधीच मारले गेले होते. सैन्यातील धर्मगुरूंनी आक्षेप नोंदवला. सेनापती रायखेनाऊने हत्येला मान्यता दिली. रॉयबरचा या कृत्याशी संबंध होता असे आम्ही सुचवीत नाही. उलट, त्याने रशियन माणसांचे चेहरे मोठ्या आस्थेने रेखाटले आहेत. पण ते वस्त्र ज्या मुलांवर कुणी पांघरले नाही, त्यांना वगळून या चित्रातील आशेविषयी बोलणे म्हणजे अर्धाच कागद वाचणे होय. वर्गात हे चित्र दाखवणाऱ्या शिक्षकाने बिला त्सेर्क्वाचे नावही फळ्यावर लिहावे. त्याने चित्र लहान होत नाही. आशा कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न तेवढा समोर येतो.

चित्र वेढ्यातून विमानाने एका जखमी अधिकाऱ्याबरोबर बाहेर पडले. रॉयबर मागे राहिला. फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी लढाई संपली तेव्हा सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. त्यांतले पाच-सहा हजारच कधीतरी घरी परतले. मूळ चित्र १९८३ पासून बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्ये आहे. जुने चर्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळले, त्याचा भग्न मनोरा मुद्दाम तसाच ठेवलेला आहे. चित्राची एक प्रत वोल्गोग्राडला, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडला आहे, आणि एक इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कॅथीड्रलमध्ये. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बनी ते कॅथीड्रल उद्ध्वस्त केले होते. त्यानंतर सहा आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्या अवशेषांतून केलेल्या रेडिओ भाषणात सूडाचा विचार मनातून काढून टाकण्याचे आवाहन केले. बॉम्ब अजून पडतच होते, हे विसरू नये.

रॉयबरने आणखी एकदा आई आणि मूल रेखाटले. तो १९४३ चा नाताळ होता, आणि जागा येलाबुगाची युद्धकैद्यांची छावणी. २० जानेवारी १९४४ रोजी तो तेथेच वारला.