अंगणातले रणांगण

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझ्या नातवाने घरात जाहीर केले, की यंदा आपल्या अंगणात किल्ला होणार नाही, मंगळ होणार! त्याच्या आजीने कपाळावर हात मारला. मीही रागावणार होतो. दिवाळीत शिवाजीमहाराजांचे सिंहासन मांडायचे सोडून हे काय खूळ, असे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मला माझा स्वतःचा पहिला किल्ला आठवला आणि मी गप्प बसलो.

तो किल्ला १९६२ सालचा. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत घरोघर किल्ले होतात, हे आम्ही नुसते ऐकून होतो. आमच्या पिंपळनेरच्या गल्लीत तोवर कोणी किल्ला केला नव्हता. त्या वर्षी शेजारच्या घरी पुण्याचा एक भाचा सुटीला आला. येताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून मातीचे सहा मावळे, एक तोफ आणि सिंहासनावर बसलेले महाराज आणले होते. आम्ही विटांचे तुकडे रचले, पांझरेकाठची माती कालवली, त्या चिखलात गोणपाट बुडवून विटांवर पसरले आणि वर मोहरी पेरली. किल्ल्याचे नाव साल्हेर ठेवायचे, हा आग्रह माझा. शेलबारीची खिंड ओलांडली की बागलाण, आणि बागलाणात साल्हेर. म्हणजे तो आमचाच, असा माझा हिशेब!

दिवाळीच्या आठवडाभर आधी, २० ऑक्टोबरला, चीनचे आक्रमण सुरू झाले होते. मोठी माणसे चावडीपाशी रेडिओभोवती गोळा होत आणि आम्ही मावळ्यांच्या जागा बदलत बसत असू. गल्लीतली एक म्हातारी रोज संध्याकाळी आमचा किल्ला पाहायला येई. तिचा मुलगा फौजेत होता. एकदा ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "यामा मना पोऱ्या कोठे शे?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमचे सहाही मावळे बुरुजांवर होते, आणि खाली, सारवलेल्या अंगणात, कोणीच नव्हते. तिचा मुलगा पुढे सुखरूप परत आला. पण म्हातारीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही, ते नाहीच.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पंचवीस वर्षांनी साल्हेर चढलो तेव्हा उमगला. साल्हेरची उंची समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच किल्ला नाही. वर गंगासागर तलाव आहे, परशुरामाचे मंदिर आहे. आमच्या किल्ल्यावर आम्ही पाण्याची सोयच केली नव्हती! पण खरा धक्का खाली पाहताना बसला. १६७२ च्या फेब्रुवारीत झालेली साल्हेरची प्रसिद्ध लढाई किल्ल्यावर झालीच नव्हती. इखलासखानाच्या मोगली फौजेचा गडाला वेढा पडला होता. तो मोडायला मोरोपंत पिंगळे कोकणातून आणि प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन घाटावरून आले, आणि हातघाई झाली ती खालच्या उघड्या मैदानात. सभासदाची बखर त्या दिवशी उडालेल्या धुळीचे वर्णन करते. तीन कोसांत आपला कोण आणि परका कोण ते ओळखू येईना, असे ती सांगते. सूर्यराव काकडे तिथेच तोफेच्या गोळ्याने पडले. म्हणजे आम्ही जे अंगण झाडून, सारवून मोकळे सोडले होते, तीच खरी रणभूमी! मराठ्यांचा किल्ला एकटा लढत नाही. भोवतालच्या खिंडी, नद्या, मैदाने त्याच्या बाजूने लढतात. २०२५ साली युनेस्कोने साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, तेव्हा नावातच 'लष्करी भूप्रदेश' असा शब्द घातला. मला त्याचे फार समाधान वाटले.

भूमीचा हा धडा युरोपातल्या लोकांनी खेळातून गिरवला. १८१२ साली प्रशियातल्या राइसवित्झ नावाच्या एका सरदाराने आपल्या राजाला एक मेज नजर केले. त्याच्या खणांत प्लास्टरच्या चौकोनी फरशा होत्या. कशावर टेकडी, कशावर नदी, कशावर गाव. हव्या तशा जुळवाव्यात आणि रोज नवा मुलूख तयार करून त्यावर लढाई मांडावी! त्याच्या मुलाने १८२४ साली तोच खेळ नकाशावर आणला, फाशांची जोड दिली, आणि प्रशियाच्या सेनापतींनी तो फौजेला शिकवायला घेतला. आपल्या बुद्धिबळाचा पट सपाट असतो; या खेळात पटच बोलू लागला.

आणि नातवाच्या मंगळाचा धागा इथेच जुळतो. ज्या एच. जी. वेल्सने १८९८ साली मंगळावरच्या प्राण्यांची पृथ्वीवर स्वारी आणली, त्यानेच १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे एक पुस्तक लिहिले. पायदळाने एका खेपेला एक फूट सरकावे, घोडदळाने दोन. तोफेतून लाकडी गोळी उडवून समोरचे शिपाई पाडावेत. टेकड्यांसाठी ठोकळे, झाडांसाठी बागेतल्या डहाळ्या. भारदस्त गृहस्थ जमिनीवर पालथे पडून हे सारे करीत! खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, असे त्याने त्यात आवर्जून म्हटले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

वेल्सची मंगळस्वारीची कादंबरी मला आता वेगळीच दिसते. ती लिहिताना तो वोकिंग गावी राहत होता. सायकलवरून आसपास हिंडून कोणते माळरान, कोणती घरे मंगळवासीयांनी उद्ध्वस्त करायची ते त्याने ठरवले. मंगळाचे प्राणी कल्पनेतले. जमीन मात्र पायाखालची.

तेव्हा मी नातवाला म्हटले, "मंगळ कर, पण पिंपळनेरच्या जमिनीतून कर." काळ्या मातीच्या गावात लाल माती कुठली, हा त्याचा पहिला प्रश्न. त्याच्या आजीने उंबऱ्यासाठी आणलेला गेरू मी पुढे केला. गेरू तांबडा दिसतो तो लोहाच्या गंजामुळे, आणि मंगळ तांबडा दिसतो तोही त्याच गंजामुळे. दगड तर आमच्याकडे हवे तेवढे. खानदेशचा काळा पाषाण हा ज्वालामुखीचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. मंगळाची बरीचशी भूमीही त्याच जातीच्या खडकाची. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या ज्या सरळ लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या. नातवाने त्या हुबेहूब उठवल्या. उल्कांचे खळगे कसे करायचे? राखेच्या थरावर वरून गोट्या टाकल्या. आपोआप कडा उठलेले खळगे झाले. चांद्रयानाच्या चाचणीसाठी आपल्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकात चळ्ळकेरेजवळ जमिनीवर असेच खळगे केले होते, हे मला त्यानेच सांगितले.

प्रमाणाचा प्रश्न मात्र मी काढला. तीन इंची मावळा म्हणजे माणसाचा बाविसावा हिस्सा. त्या हिशेबाने साल्हेरची नुसती ५०० मीटर चढण दाखवायची, तरी अंगणात सात मजली इमारत उभारावी लागेल! म्हणून खेळणारे माणसांचे माप एक ठेवतात आणि डोंगराचे दुसरे. ही लबाडी नातवाने लगेच मान्य केली. उलट त्याने मलाच एक नियम शिकवला. मंगळावर वजन पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. तेव्हा पायदळाने एक फूट नव्हे, अडीच फूट सरकावे. वेल्सलाही हा बदल पसंत पडला असता.

वेल्सच्या कादंबरीतली तीन पायांची यंत्रे तुरीच्या काठ्या आणि करवंट्यांची झाली. समोर आमचे मावळे. या खेपेला मी तीन मावळे बुरुजावरून काढून खाली मैदानात ठेवले. "इथे का?" असे नातवाने विचारले, तेव्हा त्याला मी म्हातारीची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. पण चौथा मावळा त्याने स्वतः खाली आणला.

दोन दिवस घनघोर युद्ध चालले. कादंबरीत मंगळवासी शेवटी सूक्ष्म जंतूंनी मरतात. आमचे तेवढेही टिकले नाहीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात पाहिले तर यंत्रांचे पाय नाहीसे झालेले, करवंट्या गायब, आणि मागच्या पडवीत बंबातले अभ्यंगाचे पाणी छान कढत झालेले!