रुग्णालयांतील तंटा व समेट

ठाण्याहून आगगाडीनें मुंबईस जाणाऱ्यांस भायखळ्याचें सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय अपरिचित नाहीं. तेथील एक हकीकत सांगणें आम्हांस उचित वाटतें.

१९५४ सालीं या रुग्णालय-समूहांतील दोन वॉर्ड-नोकरांस भरपाईवांचून कामावरून दूर करण्यांत आलें. रुग्णालय हा उद्योग नव्हे, म्हणून १९४७ चा औद्योगिक तंटे कायदा तेथें लागू नाहीं, असें सरकारचें म्हणणें होतें. तें मान्य होतें, तर भरपाईबरोबर त्या कायद्यांतील समेट-अधिकारीही नोकरांस अंतरला असता. हा अधिकारी निवाडा लादीत नसे. उभय पक्षांस एकत्र बसवून तडजोडीचा यत्न करी. २९ जानेवारी १९६० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोकरांचा पक्ष उचलून धरिला. निकालपत्र न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांचें होतें. १९७० सालीं तें मत फिरलें, १९७८ सालीं पुनः स्थापित झालें.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें मात्र मुख्यत्वें धर्मादाय कार्य करणाऱ्या संस्थांस ‘उद्योगां’तून वगळिलें आहे. अशा रुग्णालयांत समेटाची वाट चालकांनीं व सेवकांनीं मिळून आपणच घालावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. कारण तंटा लांबला म्हणजे त्याचें दुःख अखेर खाटेवरच्या रोग्यास भोगावें लागतें.