कौल विचारणारा माणूस

छापून येणाऱ्या जनमत चाचण्यांचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. एरिक द कोस्टा यांची दिल्लीतील संस्था १९५० च्या दशकातली. रजनी कोठारी यांच्या ‘सीएसडीएस’ने १९६७ च्या निवडणुकीचा देशव्यापी अभ्यास केला. १९८० पासून प्रणय रॉय यांनी हे अंदाज सामान्य वाचकापर्यंत आणले. पण उमेदवार स्वतःसाठी जो कौल गुपचूप काढवतो, त्याची नोंद फारशी कुठे राहत नाही. हा कौल काढणारा माणूस कसा निवडावा, हा प्रश्न मला समुद्रपूर तालुक्याकडे पाहताना महत्त्वाचा वाटू लागला.

समुद्रपूर विधानसभेला हिंगणघाट मतदारसंघात येते आणि लोकसभेला वर्ध्यात. या वर्ध्यातून वसंत साठे १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा निवडून गेले. देशात रंगीत दूरदर्शन आले ते त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात. १९९१ मध्ये मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी त्यांना हरवले. मोठे नाव आणि मोठ्या सभा यांवरून गावाच्या मनातले कळत नाही, हे या निकालाने जिल्ह्याला दाखवले. तोवर उमेदवाराचा सर्वेक्षक म्हणजे त्याचा कार्यकर्ता. तो गावात जाई, आपल्याच माणसांकडे चहा घेई आणि ‘साहेब, लीड आपलीच’ असे सांगे. त्यात लबाडी असेलच असे नाही. पण त्याला जे ऐकवले जाई, तेच वर पोचे.

पुढे एक मोठा बदल झाला. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची पद्धत होती. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर मतदान यंत्रांवर झाली आणि मोजणी यंत्रागणिक, म्हणजेच केंद्रागणिक होऊ लागली. आता निकालाच्या तक्त्यात प्रत्येक केंद्राची मते दिसतात. छोट्या गावाचे केंद्र एकच असेल, तर सारे गाव कुणीकडे गेले हे उघड होते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारे ‘टोटलायझर’ सुचवले, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. पण ते वापरात आले नाही.

प्रचारयंत्रणेला हा तक्ता म्हणजे खजिना. पण ज्या गावाचा कौल तक्त्यात उघडा पडतो, तिथला मतदार दारात आलेल्या अनोळखी पोराला खरे का सांगेल? नळयोजना, रस्ता, घरकुल यांची फाईल ज्याच्या हातात, त्याचेच नाव घेणे त्याला सोयीचे. म्हणून सर्वेक्षक निवडताना पहिला प्रश्न हा असावा : हा माणूस उत्तर देणाऱ्याला गुप्तता कशी देणार? सीएसडीएसच्या ‘लोकनीती’ने नकली मतपत्रिका आणि बंद पेटी वापरली, ती याचसाठी.

दुसरा प्रश्न, तो कुणाला विचारणार? २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. ते दिवस कापूस वेचणीचे. दुपारी जाम चौरस्त्यावरच्या पानठेल्यावर पुरुष भेटतात. वेचणारी बाई वावरात असते. तिला गाठायचे तर मतदार यादीतून ठरावीक अंतराने नाव काढायचे, संध्याकाळी घरी जायचे, नाही भेटली तर पुन्हा जायचे. त्या जागी शेजाऱ्याचे उत्तर लिहून चालत नाही. शक्यतो विचारायलाही बाईच हवी. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि तरी रूझवेल्ट हरतील असे भाकीत केले. नीट निवडलेल्या हजार जणांच्या कौलात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होते. वाईट निवडलेल्या लाखांच्या कौलाला मोजमापच नसते.

तिसरा प्रश्न पैशाचा. ज्याचे बिल उमेदवाराच्या खुशीवर अवलंबून, त्याच्याकडून वाईट बातमी येणे कठीण. म्हणून बिल आधी ठरावे, आणि भरलेल्या अर्जांतले काही घेऊन दुसऱ्याच कुणी घरी जाऊन पडताळावे.

मतदानोत्तर चाचण्यांवर मतदान संपेपर्यंत बंदी घालणारा कायदा २०१० पासून लागू आहे, पण तो प्रसिद्धीपुरता. पक्षाच्या कपाटातल्या कौलाला तो लागत नाही. हा कौल ‘आपली’ आणि ‘परकी’ गावे वेगळी करायला वापरायचा, की गावाचे दुखणे समजून घ्यायला, हे तो काढवणाऱ्यावरच आहे. म्हणून माझ्या लेखी सर्वेक्षकाची परीक्षा भाकीत बरोबर येण्यात नाही. त्याने उत्तर घेतलेल्या बाईचे नाव शेवटपर्यंत उमेदवाराला कळले नाही, तर तो माणूस खरा.