हिवाळी वनविहार, चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशातील

हिवाळी वनविहार : थंडीच्या दिवसांत मोकळ्या निसर्गात हिंडणे, डोंगर चढणे व सृष्टीची रूपे न्याहाळणे किंवा छायाचित्रांत टिपणे, या प्रकारचा विरंगुळा. हिमप्रदेशांत त्याचे प्रमुख रूप स्कीइंगचे होय. नॉर्वेसारख्या देशांत स्की हे मुळात बर्फावरून प्रवास व शिकार करण्याचे साधन होते. एकोणिसाव्या शतकात त्याचा खेळ झाला आणि १९२४ मध्ये फ्रान्समधील शामॉनी येथे हिवाळी ऑलिंपिक सामनेही भरले. पूर्व विदर्भात बर्फ पडत नाही. परंतु गरजेपोटी होणाऱ्या रानातील वाटचालीचे रूपांतर विरंगुळ्यात होण्याची प्रक्रिया येथेही घडली. चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत हिवाळा हाच रानात जाण्याचा खरा मोसम मानला जातो. दीडशे वर्षांत या जाण्याचे हेतू देवयात्रा, शिकार, वन्यजीवरक्षण व छायाचित्रण असे पालटत गेले. त्यांबरोबरच रानात कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, या प्रश्नाचे उत्तरही प्रत्येक वेळी बदलले.

ऋतुमान : पावसाळ्यात वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या व त्यांना मिळणारे असंख्य नाले दुथडी भरून वाहतात आणि जंगलातील वाटा बंद होतात. पावसाळा सरताच हिवतापाचा जोर वाढतो, तर मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५° से.च्याही वर जाते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ भ्रमंतीस सुखावह असतो. या दिवसांत ओढे वाहते असतात, गवत उंच व पिवळे पडलेले असते आणि तलावांवर पहाटे धुके साचते. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह व बांबू यांच्या या मिश्र पानझडी वनात पानगळीला खरा वेग हिवाळ्याच्या अखेरीस येतो. तलावांवर उत्तरेकडून चक्रवाक, पट्टकादंब व नाना जातींची बदके उतरतात. याच सुमारास धानाची कापणी व मळणी उरकते आणि झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात मंडई, शंकरपट व रात्रभर चालणारी नाटके यांचा हंगाम सुरू होतो. थंडीत घराबाहेर पडून आनंद लुटण्याची प्रथा येथील लोकजीवनातच आहे. ती पर्यटकांनी आणलेली नाही.

देवयात्रा : रानाकडे नेणारी सर्वांत जुनी हिवाळी वाट यात्रेची होय. ताडोबा हे नाव तारू या गोंड प्रमुखाच्या नावावरून पडले, असे मानतात. तो वाघाशी झुंजताना मरण पावला व पुढे देवपदास पोहोचला, अशी आख्यायिका आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे ठाणे असून पौष महिन्यात तेथे आदिवासींची यात्रा भरण्याची परंपरा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकडीवर माडिया लोक जानेवारीच्या आरंभी ठाकुरदेवाच्या यात्रेसाठी जमतात. या डोंगररांगेत लोहखनिजाचे साठे असून तेथे आता खाणकाम चालते; त्यामुळे देवाचा डोंगर व खनिजाचा डोंगर हा वाद यात्रेशी जोडला गेला आहे. या यात्रांत चालणे, डोंगर चढणे व उघड्यावर मुक्काम करणे हे सर्व असते. मात्र त्याकडे कोणी छंद म्हणून पाहत नाही.

शिकार : १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. मुलकी व वनाधिकारी हिवाळ्यात तंबू, बैलगाड्या व नोकरचाकर घेऊन महिनोन्‌महिने दौऱ्यावर असत. जमाबंदी, वनांची पाहणी व तंट्यांचा निवाडा यांबरोबर शिकार हाही या दौऱ्याचा ठरलेला भाग असे आणि नाताळच्या सुट्टीत पाहुण्यांसाठी खास शिकारी मुक्काम पडत. कॅप्टन जेम्स फोरसाइथ यांचा मध्य भारताच्या उच्चभूमीवरील ग्रंथ (१८७१) आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचा मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ (१९२३) यांतून या काळातील वनजीवनाचे व शिकारीचे तपशीलवार चित्र मिळते. दोघेही शिकारी असले, तरी प्राण्यांच्या सवयींचे त्यांचे निरीक्षण बारकाईचे आहे.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर राखीव वनांची व्यवस्था कडक झाली. शिकारीसाठी वनांचे विभाग पाडून परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. परवाना, बंदूक व रजा ज्याच्यापाशी होती, त्याच्यासाठी रान खुले राहिले. पिढ्यान्‌पिढ्या पारध करीत आलेल्या गोंड व माडिया लोकांची तीच कृती मात्र गुन्हा ठरली. तरीही त्यांच्यावाचून साहेबाची शिकार होत नसे. माग काढणे, मचाण बांधणे, हाकारा घालणे ही जोखमीची कामे त्यांच्याकडेच असत. हिवाळी वनविहाराच्या इतिहासातील ही विषमता पुढील काळातही निराळ्या रूपांत टिकून राहिली.

शिकारबंदी व राष्ट्रीय उद्यान : ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारीस बंदी करण्यात आली. १९५५ मध्ये ११६·५५ चौ. किमी. क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्या वेळी हा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अशा रीतीने ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान ठरते. १९७० मध्ये देशभर व्याघ्रशिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला व १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प आकारास आला. त्याचे गाभा क्षेत्र सु. ६२५ चौ. किमी. असून भोवतालच्या बफर क्षेत्रासह एकूण विस्तार सु. १,७२७ चौ. किमी. आहे. गडचिरोली जिल्ह्यात चपराळा व भामरागड ही अभयारण्ये आहेत.

छायाचित्रण : बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घ्यावी, हा विचार भारतात प्रथम प्रभावीपणे मांडणाऱ्यांत संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांची गणना होते. वाघाच्या वाटेवर तार लावून, तिला पाय लागताच प्रकाशझोत पडून छायाचित्र निघेल, अशी योजना त्यांनी केली. या छायाचित्रांचा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण वेगळी असल्याने छायाचित्रावरून त्याची ओळख पटते. याच तत्त्वावर आज ताडोब्यासह देशभर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघांची मोजदाद होते. पूर्वीची पावलांच्या ठशांवरून होणारी गणना तिने मागे टाकली.

ताडोब्यात वाघ दिसण्याची शक्यता हिवाळ्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये अधिक असते, कारण पाणवठे आटल्याने जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात आणि पानगळीमुळे दृष्टी दूरवर पोहोचते. हिवाळ्यात उंच गवत व दाट पाने यांमुळे वाघ सहज लपतो. याउलट, निसर्गदृश्ये टिपण्यास हिवाळाच अनुकूल असतो. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने प्रकाश तिरपा व सावल्या लांब पडतात, पावसाने धुतलेल्या हवेत धूळ कमी असते आणि धुक्यामुळे झाडांच्या रांगा एकामागे एक उमटतात. केवळ वाघासाठी येणारा पर्यटक या ऋतूत निराश होऊ शकतो. रान पाहण्यासाठी येणाऱ्यास मात्र तो भरभरून देतो.

पदभ्रमण : व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना पायी हिंडता येत नाही, ठरलेल्या वाटांवर वाहनातूनच, मार्गदर्शकासह जावे लागते. पदभ्रमणासाठी नागभीड तालुक्यातील पेरजागड ऊर्फ सात बहिणींचा डोंगर, राजुरा-जिवती भागातील माणिकगड व चिमूर तालुक्यातील रामदेगी ही स्थळे प्रसिद्ध आहेत. गडचिरोली जिल्ह्यात टिपागडचा डोंगरी किल्ला आणि आलापल्लीजवळचे जुन्या सागवृक्षांचे राखलेले वन उल्लेखनीय आहे. या वनास २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तथापि १९८० नंतर दक्षिण गडचिरोलीत नक्षलवादी चळवळ पसरल्याने तेथील डोंगरवाटा बाहेरच्या भटक्यांना दीर्घकाळ जवळजवळ बंदच राहिल्या.

परिणाम : वनपर्यटनामुळे मोहर्लीसारख्या गावांत मार्गदर्शक, वाहनचालक व निवासव्यवस्था यांतून रोजगार निर्माण झाला. त्याच वेळी गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांचे बाहेर पुनर्वसन झाले. वाघांची संख्या वाढून ते ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांतील शेतशिवारांत वावरू लागल्याने माणसांचे बळी जाण्याच्या घटना वारंवार घडतात. पर्यटक वाघाच्या दर्शनासाठी पैसे मोजतो. सरपण, मोहफुले वा तेंदूपाने वेचण्यास जाणाऱ्याला मात्र ते दर्शन टाळावयाचे असते आणि रानात जाणे तर त्याला टाळता येत नाही.

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ याने या जुन्या प्रश्नाला नवे वळण दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्यानंतर गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांना असे हक्क प्राप्त झाले. साहेबाच्या दौऱ्यात हाकारा घालणाऱ्यांच्या वंशजांकडे त्या रानाची राखण व व्यवस्था ठरविण्याचा अधिकार यामुळे काही अंशी परत आला आहे.