समुद्रापासून वाचलेली नौका

नांदेड-लातूरकडील माणसाचा समुद्राशीं संबंध काय, असा प्रश्न सहज मनांत येतो. मराठवाड्याला किनारा नाहीं, हें खरें. तथापि लातूरपासून फार दूर नसलेलें तेर, म्हणजे प्राचीन तगर, याचें नांव पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत आलेलें आहे. तगराचें कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरांत जात असे व तेथून जहाजांत चढे. पैठणच्या सातवाहनांचीं जीं नाणीं पूर्वकिनाऱ्यावर सांपडतात, त्यांपैकीं कांहींवर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आहे. आणि नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी अखेर त्याच पूर्वसमुद्रास मिळते.

गोदावरीच्या मुखापासून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे मोटार हांकीत गेलें म्हणजे विशाखापट्टण लागतें. तेथें रामकृष्ण बीच या समुद्रतीरावर, रस्त्याच्या अगदीं कडेला, सुमारें ३०० फूट लांबीची एक काळी पाणबुडी कोरड्या जमिनीवर उभी आहे. हीच ‘कुरसुरा’. १८ डिसेंबर १९६९ रोजीं सोविएत संघांतील रीगा येथें ती भारतीय नौदलांत दाखल झाली, १९७१ च्या युद्धांत तिनें अरबी समुद्रांत गस्त घातली, आणि २००१ सालीं ती निवृत्त झाली. नंतर तिला पाण्याबाहेर ओढून काँक्रीटच्या पायावर बसविण्यांत आलें व २००२ च्या ऑगस्टपासून ती लोकांना पाहावयास खुली झाली.

आंत शिरलें म्हणजे प्रथम जाणवतो तो संकोच. नळ्या, चाकें आणि घड्याळासारखे दर्शक यांच्या दाटींतून एकच अरुंद वाट जाते. एका कप्प्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तें वाटोळ्या दारांतून, वांकून. टॉर्पेडोंच्या शेजारींच खलाशांचे बिछाने आहेत. पाऊणशें माणसें या नळकांड्यांत सूर्यदर्शनावांचून दिवस काढीत, ही गोष्ट पुस्तकांत वाचणें वेगळें आणि डोकें सांभाळीत तेथून चालणें वेगळें. माहिती सांगणारे बहुधा निवृत्त नौसैनिकच असतात; त्यामुळें यंत्राबरोबर त्या जीवनाचीहि ओळख होते.

परंतु या किनाऱ्यावर उभें राहिल्यावर महाराष्ट्रीय माणसास दुसऱ्या एका नौकेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ती म्हणजे ‘विक्रांत’, आपली पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें ती नौदलांत आली व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईस पोंचली. १९७१ सालीं तिच्या चार बॉयलरांपैकीं एकाला तडे गेलेले असतांहि तिला बंगालच्या उपसागरांत पाठविण्यांत आलें. तिचा शोध घेण्यासाठीं ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणापर्यंत आली. प्रत्यक्षांत ‘विक्रांत’ दूर अंदमानाकडे होती. ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विशाखापट्टणाहून तिच्या नांवाचे बिनतारी संदेश सोडून शत्रूला चकवीत होती. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं ‘गाझी’ या बंदराबाहेर बुडाली. पुढें ‘विक्रांत’वरील विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले केले.

शत्रूपासून अशी वांचलेली ही नौका आपण मात्र राखूं शकलों नाहीं. १९९७ सालीं ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून लोक ती पाहूं लागले. २०१२ सालीं ती धोकादायक ठरून बंद करण्यांत आली. आणि २०१४ सालीं सुमारें ६० कोटी रुपयांना विकून दारूखान्यांत तोडण्यांत आली. तिच्या लोखंडाचें एक लहानसें स्मारक तेवढें मुंबईंत आहे.

एक वांचली व दुसरी गेली, यांत केवळ दैवाचा भाग नव्हता. खाऱ्या पाण्यांत लोखंड अहर्निश झिजत असतें; तळ सुका करून वरचेवर डागडुजी केली नाहीं, तर कितीहि बलाढ्य जहाज आंतून पोखरलें जातें. सुमारें ७०० फूट लांबीच्या ‘विक्रांत’ला कायमचा कोरडा आधार मिळाला नाहीं व तिचा नित्याचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न सुटला नाहीं. इंग्रजांनीं नेल्सनची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत ठेविली. जपाननें ‘मिकासा’ ही युद्धनौका १९२६ सालीं योकोसुका येथें काँक्रीटमध्यें पक्की बसवून जतन केली. जहाज टिकवावयाचें तर त्याला प्रथम समुद्रापासून वांचवावें लागतें, ही गोष्ट त्यांनीं वेळींच ओळखली. विशाखापट्टणानेंहि तेंच केलें.

किनाऱ्यावरून परततांना आपल्या प्रवाशांनीं हा धडा बरोबर आणावा. कंधार, औसा, उदगीर हे आपले किल्ले समुद्रापासून शेंकडों मैल दूर आहेत; त्यांना खाऱ्या पाण्याचें भय नाहीं. परंतु पावसाचें पाणी, भिंतींत रुजणारे पिंपळ आणि आपली उदासीनता हीं तेंच काम सावकाश करीत असतात. ‘विक्रांत’च्या पराक्रमाचा विसर कोणासहि पडलेला नव्हता, तरी ती गेली. अभिमान पुष्कळ होता, पण दरसालच्या दुरुस्तीची तरतूद नव्हती. किल्ल्यांविषयीं बोलतांना आपण प्रथम या तरतुदीविषयीं विचारावें.